उठा, टेबल बदलले

परभणी जिल्ह्यात पत्त्यांचा जुगार म्हटला की पहिला शब्द येतो तो तिर्रट. जिंतूर असो, पाथरी असो की पूर्णा, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ठरलेल्या साच्यातली बातमी अधूनमधून येतेच. शेतात झाडाखाली तिर्रट खेळणाऱ्यांवर छापा, जुगार कायद्याच्या कलम १२ (अ) खाली गुन्हा, रोख रक्कम, पत्ते आणि मोटारसायकली जप्त. तीन पत्त्यांच्या या खेळात सगळे बदलते, एक सोडून. जो जिथे मांडी घालून बसला, तो उठेपर्यंत तिथेच बसतो. आपल्या शेजारी कोण बसणार हे ओळखीवर आणि आधी येण्यावर ठरते. दोघे संगनमत करून आले तर डोळ्याच्या इशाऱ्याने, पत्ते धरण्याच्या ढबीने ते तिसऱ्याला रात्रभर लुटू शकतात. त्या तिसऱ्याला जागा बदलून मागण्याचा कोणताही हक्क नसतो.

मोबाइलवरच्या पोकर स्पर्धेत नेमके उलटे घडते. खेळाडू एका टेबलावर आठ जणांबरोबर खेळत असतो, समोरच्यांचे स्वभाव त्याला जरा कुठे कळू लागतात, आणि एक डाव संपताच पडदा पालटतो. नवे टेबल, नवी आठ नावे. त्याला कुणी विचारलेले नसते. त्याने मागितलेलेही नसते. संगणकाने मोजले, कुठे माणसे कमी आणि कुठे जास्त आहेत हे पाहिले, आणि त्याला उचलून दुसरीकडे बसवले.

खेळाडूला असे उठवून दुसरीकडे बसवण्याचा नियम कुठून आला, हा या लेखाचा विषय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पैसे लावून मोबाइलवर पत्ते खेळणे घर बुडवते असे माझे ठाम मत आहे, आणि पुढे जे लिहिले आहे त्याने ते बदलत नाही. पण हा जागा बदलण्याचा नियम जुगाराच्या पोटी जन्मलेला नाही. त्याचे पूर्वज बरेच सभ्य आहेत.

तो का लागतो, ते आधी पाहू. तिर्रटमध्ये किंवा घरगुती तीन पत्तीत प्रत्येक डावाला प्रत्येक जण बूट, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, टाकतो. पाच जण असोत की नऊ, भार सगळ्यांवर सारखा. पोकरमध्ये तसे नसते. तिथे प्रत्येक डावाला फक्त दोघांना पत्ते पाहण्याआधी सक्तीची रक्कम टाकावी लागते. एकाला छोटी, दुसऱ्याला मोठी. तिला ब्लाइंड म्हणतात, आणि ही पाळी डावागणिक एकेक जागा पुढे सरकते. समजा छोटी रक्कम १०० आणि मोठी २०० चिप्सची आहे. नऊ जणांच्या टेबलावर नऊ डावांत एकदा ३०० चिप्स जातात, म्हणजे डावाला सुमारे ३३. त्याच स्पर्धेत दुसऱ्या टेबलावर माणसे बाद होत होत सहाच उरली, तर तेच ३०० सहा डावांत जातात, म्हणजे डावाला ५०. दोघे एकाच स्पर्धेत आहेत, दोघांनी सारखेच प्रवेशशुल्क भरले आहे, पण एकाची शिदोरी दीडपट वेगाने संपते आहे. त्याचा दोष इतकाच की त्याच्या टेबलावरचे लोक लवकर हरले. म्हणून टेबलांवरची माणसे सारखी ठेवावी लागतात.

आणि हे फक्त स्पर्धेतच लागते. रोख रकमेच्या खेळात ज्याला टेबल आवडले नाही तो उठून जाऊ शकतो. स्पर्धेत मात्र एकदा बसल्यावर हरेपर्यंत किंवा जिंकेपर्यंत सुटका नाही. ज्याला उठता येत नाही, त्याला न्याय देण्याची जबाबदारी बसवणाऱ्यावर येते.

आता मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत घरगुती पत्त्यांच्या मेजवान्यांची मोठी लाट होती. युकर नावाचा चौघांचा खेळ एका दिवाणखान्यात अनेक टेबलांवर एकाच वेळी चाले. मुख्य टेबलावरचा डाव संपला की घंटा वाजे. जिंकलेली जोडी उठून वरच्या टेबलावर जाई, हरलेली तिथेच राही, आणि मुख्य टेबलावर हरलेले सगळ्यांत खालच्या टेबलावर जात. यात हेतू न्यायाचा नव्हता, ओळखीपाळखीचा होता. एका संध्याकाळी सगळ्यांशी बोलणे व्हावे, एकाच कोपऱ्यात कुणी अडकून पडू नये. तरी माणूस उठतो आणि टेबल जागेवर राहते, हे दृश्य इथे पक्के झाले.

न्यायाचा विचार व्हिस्टमध्ये शिरला. व्हिस्ट हा ब्रिजचा पूर्वज. चांगले पत्ते आले म्हणून जिंकला, ही तक्रार पत्त्यांइतकीच जुनी आहे. त्यावर तोडगा असा निघाला की सगळ्या जोड्यांनी तेच पत्ते खेळायचे. एका टेबलावर वाटलेले चार हात, म्हणजे चौघांचे पत्ते, खेळून झाले की तसेच वेगवेगळे ठेवून दुसऱ्या टेबलावर पाठवायचे. मग तुमची तुलना समोरच्याशी होत नाही, तुमच्या जागी बसून तेच पत्ते खेळलेल्या दुसऱ्या जोडीशी होते. जॉन मिचेल यांचे या पद्धतीवरचे पुस्तक १८९१ मध्ये आले, आणि त्यांच्या नावाची फिरती आजही ब्रिज क्लबांत चालते. टेबलाच्या चार जागांना दिशांची नावे असतात. उत्तर-दक्षिण जोडी जागेवर बसून राहते. पूर्व-पश्चिम जोडी प्रत्येक फेरीनंतर एक टेबल पुढे जाते. पत्ते एक टेबल मागे जातात.

इथे एक अडचण येते, आणि ती मला फार आवडते, कारण ती कागदावर मांडून पाहिल्याशिवाय दिसत नाही. टेबले विषम असतील, सात किंवा नऊ, तर सगळे सुरळीत फिरते. पण टेबले आठ असतील तर चार फेऱ्यांनंतर पूर्व-पश्चिमवाल्यांसमोर त्यांनी आधीच खेळलेले पत्ते येतात. माणसे एक घर पुढे, पत्ते एक घर मागे, म्हणजे त्यांच्यातले अंतर दरवेळी दोनाने बदलते, आणि आठात दोन चार वेळा जातात. उपाय साधा आहे. निम्म्यावर आले की फिरत्या जोड्यांनी एक टेबल गाळून पुढचे गाठायचे. ज्याने हे प्रथम पाहिले त्याने खेळाच्या गणितातली एक मोठी गोष्ट पाहिली. बसण्याची व्यवस्था हीच स्पर्धा असते, आणि तिच्यातली चूक पत्ते पिसून दुरुस्त होत नाही.

याच सुमारास, १८९५ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात बुद्धिबळाची एक स्पर्धा झाली. खेळाडू बरेच होते आणि वेळ कमी. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे म्हटले तर आठवडे लागतील, आणि बाद पद्धत ठेवली तर निम्मे लोक पहिल्या डावानंतर घरी जातील. ज्युलियस म्यूलर यांनी मधला रस्ता काढला. कुणालाही बाद करायचे नाही, पण प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेल्यांना समोरासमोर बसवायचे. जिंकणारा वरच्या बोर्डाकडे सरकतो, हरणारा खाली, आणि काही फेऱ्यांत प्रत्येक जण आपल्या जोडीच्या माणसांत येऊन बसतो. हीच स्विस पद्धत. एकदा भेटलेले दोघे पुन्हा भेटत नाहीत, पांढरी-काळी मोहरी शक्यतो आलटून पालटून मिळतात, आणि खेळाडू विषम असतील तर उरलेल्या एकाला बाय, म्हणजे न खेळता गुण, मिळतो.

या पद्धतीचे सामर्थ्य पाहायचे तर आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. नाशिकचा विदित गुजराथी २०२३ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलीच फेरी हरला. बाद पद्धत असती तर तो त्याच संध्याकाळी सामान बांधून निघाला असता. स्विस पद्धतीने त्याला खालच्या बोर्डावर बसवले, आणि तिथून एकेक बोर्ड चढत तो ११ फेऱ्यांत साडेआठ गुण मिळवून एकटा पहिला आला. टेबल बदलण्याच्या नियमाने माणसाला दुसरी संधी दिली, याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

पोकर या वाटेवर बरेच उशिरा आले. लास व्हेगासमध्ये बेनी बिनियन यांच्या कॅसिनोत १९७० मध्ये पहिली जागतिक मालिका झाली, तेव्हा विजेता चक्क मतदानाने ठरला. जॉनी मॉस यांना सहखेळाडूंनी निवडून दिले. पुढच्या वर्षीपासून एकाकडे सगळ्या चिप्स जाईपर्यंत खेळायचे, असे ठरले. पण तेव्हा खेळाडू एका टेबलावर मावण्याइतकेच होते, १९७२ मध्ये आठ. एकच टेबल असेल तर कुणाला कुठे हलवणार? प्रश्न उभा राहिला तो टेबले वाढल्यावर. १९८२ मध्ये मुख्य स्पर्धेत शंभरावर लोक बसले आणि व्यवस्था लागू लागली. कुठले टेबल आधी मोडायचे याचा क्रम आधी जाहीर करायचा. मोडलेल्या टेबलावरच्यांनी रिकाम्या जागांची कार्डे ओढायची आणि आपापल्या चिप्स उचलून तिकडे जायचे.

एक उदाहरण घेऊ, कारण आकड्यांत याची रचना चटकन दिसते. १०० खेळाडू उरले आहेत आणि टेबल नऊ जणांचे आहे. अकरा टेबलांवर ९९ च मावतात, म्हणून टेबले बारा. चार टेबलांवर नऊ-नऊ, आठ टेबलांवर आठ-आठ. आता आठांपैकी एका टेबलावरचा एक जण बाद झाला. उरले ९९, आणि ते अकरा टेबलांवर बरोबर बसतात. ज्या टेबलावर सात उरले तेच मोडले, तर उरलेल्या सात आठ-जणी टेबलांवर नेमकी एकेक खुर्ची रिकामी आहे. सात माणसे, सात खुर्च्या, सात वेगवेगळी टेबले. रात्रभर एकमेकांशी खेळलेल्या त्या सातांपैकी कुणीही दोघे पुन्हा एकत्र येत नाहीत. संगनमत करून बसलेली जोडी असेल तर ती तिथेच फुटते. समतोलासाठी केलेला नियम लबाडीवरही इलाज ठरतो तो असा.

पण टेबल मोडत नाही आणि फक्त एकाला हलवायचे असते, तेव्हा कुणाला हलवायचे? व्यवस्थापकाच्या मर्जीवर सोडले तर पक्षपाताचा संशय येणारच. २००१ मध्ये मॅट सॅवेज, लिंडा जॉन्सन आदींनी स्पर्धा-संचालकांची संघटना काढली, आणि कॅसिनोगणिक वेगळे असलेले नियम हळूहळू एक होऊ लागले. त्यांचे उत्तर असे. पुढच्या डावाला ज्याच्यावर मोठा ब्लाइंड येणार आहे त्याला उठवायचे, आणि नव्या टेबलावर रिकाम्या जागांतल्या सर्वांत वाईट जागेवर, म्हणजे मोठा ब्लाइंड लवकरात लवकर भरावा लागेल अशा ठिकाणी, बसवायचे. प्रथम हे क्रूर वाटते. विचार केला की पटते. तो मोठा ब्लाइंड भरणारच होता. त्याला दुसरीकडे आरामशीर जागा दिली तर टेबल बदलण्याच्या निमित्ताने त्याची एक पाळी फुकट चुकली असती, आणि मग प्रत्येकाला हलवून घ्यायची इच्छा झाली असती. हलवल्याने कुणाचा फायदा होऊ नये, इतकाच या नियमाचा गाभा आहे. जिल्हा परिषदेच्या बदल्यांच्या काळात जे कुणी शिक्षक राहिले आहेत त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मग इंटरनेट आले. १९९८ च्या सुरुवातीला प्लॅनेट पोकर या संकेतस्थळावर खऱ्या पैशाचा पहिला डाव पडला. २००१ मध्ये पोकरस्टार्स सुरू झाले आणि शेकडो टेबलांच्या स्पर्धा त्यांनी अंगवळणी पाडल्या. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस इंटरनेटवरच्या छोट्या पात्रता स्पर्धेतून थेट जागतिक मालिकेत पोचला आणि ८३९ जणांत पहिला आला. तीन वर्षांत हा आकडा ८,७७३ झाला. इतक्या लोकांना कार्डे ओढायला लावून हलवणे म्हणजे जत्राच. पडद्यावर मात्र हे काम क्षणात होते. प्रत्येक डाव संपला की यंत्र सगळी टेबले मोजते, कुठेही एकापेक्षा जास्त फरक पडला की माणूस हलवते, जमेल तेव्हा टेबल मोडते, आणि शेवटच्या टेबलावर सगळ्यांच्या जागा नव्याने ठरवते. खुर्ची ओढण्याचा आवाज नाही, चिप्सचे डबे नाहीत, वाद नाही.

आणि इथेच माझ्या मते या वंशावळीत मोठे वळण आले. कार्ड ओढून जागा ठरत होती तेव्हा ते ओढणारा हात सगळ्यांना दिसत होता. आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसीलला निघते तेव्हा चिठ्ठी लहान मुलाच्या हाताने काढतात आणि भरल्या सभागृहासमोर उघडतात, ती याच कारणासाठी. निकाल कुणाला आवडो न आवडो, काढणे सगळ्यांनी पाहिलेले असते. पडद्यावरची सोडत कुणीच पाहत नाही. ती यंत्राच्या पोटात होते, आणि यंत्र कंपनीचे.

हा संशय हवेतला नाही. १९९९ मध्ये काही संगणक तज्ज्ञांनी प्लॅनेट पोकरवर वापरले जाणारे पत्ते पिसण्याचे सूत्र तपासले. गंमत अशी की आपण किती प्रामाणिक आहोत हे दाखवायला ते सूत्र कंपनीनेच जाहीर केले होते. बावन्न पत्त्यांचे क्रम इतके आहेत की ती संख्या लिहायला अडुसष्ट अंक लागतात. पण ते यंत्र पिसण्याची सुरुवात घड्याळातल्या मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवरून करत होते, आणि दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. कंपनीच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवले की शक्यता उरल्या सुमारे दोन लाख. पाच पत्ते दिसताच उरलेले सगळे हात त्यांना कळू लागले. जागांची सोडतही अशाच यादृच्छिक आकड्यांवर चालते. या घटनेत मला दोन गोष्टी दिसतात. जे पाहता येत नाही त्यात चूक लपू शकते, ही एक. आणि सूत्र उघड केले होते म्हणूनच ती चूक सापडली, ही दुसरी. ही दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते.

२००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या दुसऱ्या संकेतस्थळावर याहून वाईट प्रकार उघडकीला आला. एका स्पर्धेचा विजेता जणू सगळ्यांचे पत्ते दिसत असल्यासारखा खेळत होता. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या खेळाडूने तक्रार करून नोंदी मागितल्या, तेव्हा त्याला जी फाइल मिळाली तिच्यात सगळ्यांचे पत्ते तर होतेच, शिवाय कोणते टेबल कोण पाहत होते याचीही नोंद होती. एक निरीक्षक खाते स्पर्धेच्या अगदी सुरुवातीपासून त्या विजेत्याच्या टेबलावर डोळा ठेवून होते. चोरी घरातूनच झाली होती हे कंपनीला पुढे कबूल करावे लागले. कोण कुठे बसले होते आणि कोण कुणाकडे पाहत होते, या कंटाळवाण्या नोंदीनेच चोर पकडून दिला.

या साखळीची शेवटची कडी २०१० ची. फुल टिल्ट या कंपनीने रश पोकर आणले. त्यात पत्ते नको म्हणून टाकले की त्याच क्षणी तुम्ही दुसऱ्या टेबलावर, नव्या माणसांत, नव्या डावात. टेबल असे काही उरतच नाही. मिचेल यांच्या फिरतीत एक जोडी दर फेरीला एकदा उठत होती, इथे माणूस दर डावाला उठतो. पण हेतू उलटा झाला. आधी न्यायासाठी हलवत होते, आता वेळ दवडू नये आणि जास्त डाव पडावेत म्हणून. जास्त डाव म्हणजे कंपनीला जास्त कमिशन. जागा बदलण्याच्या नियमाचा असा उपयोग मला त्या नियमाचा अपमान वाटतो.

भारतात हे वारे २०११ नंतर वाहू लागले. आधी अड्डा५२ हे संकेतस्थळ, मग २०१४ मध्ये पोकरबाजी. प्रत्यक्ष टेबलावरच्या स्पर्धा गोव्यात, पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांवर, कारण गोव्याच्या १९७६ च्या कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन तिथे परवाने मिळू लागले होते. परभणीत कॅसिनो नाही. पण मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आला, आणि त्याबरोबर ते टेबलही.

या सगळ्याला कायद्याचा आधार काय होता, हे शोधताना वाट अनपेक्षितपणे आपल्याच प्रदेशात येते. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तिथे हैदराबादचा जुगार कायदा होता, १३०५ फसलीचा, म्हणजे इसवी सन १८९५-९६ चा. झुरिकला बुद्धिबळपटूंना बोर्डामागून बोर्ड फिरवले जात होते, साधारण त्याच वर्षी निजामाच्या दरबारात पत्त्यांच्या अड्ड्यांवरचा कायदा लिहिला जात होता. भाषावार प्रांतरचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला. आज इथे छापे पडतात ते १८८७ च्या मुंबईच्या कायद्याखाली. पण हैदराबादचा कायदा आंध्रात टिकला. १९६३ मध्ये सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर याच कायद्याखाली छापा पडला. आत रमी चालू होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ चा म्हणून ओळखला जाणारा तो निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला. रमी हा तीन पत्त्यांच्या खेळासारखा निव्वळ नशिबाचा नाही, कुठले पत्ते पडले हे लक्षात ठेवावे लागते, काय ठेवायचे आणि काय टाकायचे याला कसब लागते, असे त्यात म्हटले.

ऑनलाइन रमी आणि पोकरचा सगळा धंदा पुढे या एका निकालाच्या खांबावर उभा राहिला. आमच्याकडे कसब आहे, तिर्रट नाही, असे प्रत्येक कंपनी सांगत राहिली. पण त्याच निकालातले पुढचे वाक्य कुणी जाहिरातीत छापले नाही. क्लबचा मालक अशा खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असेही न्यायालयाने तिथेच सांगून ठेवले होते. पोकरबाबत तर एकमत कधीच झाले नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकर जुगारातून वगळले, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते जुगारच ठरवले.

अखेर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कसब की नशीब हा वादच त्याने बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, कोणताही असो, चालवायचा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशाची टेबले लगेच बंद केली. मला हा निर्णय योग्य वाटतो. टेबलावरची माणसे कितीही काटेकोर सारखी ठेवली, तरी टेबलाचा मालक आणि टेबलावर बसलेला कापूस-सोयाबीनवाल्या घरातला पोरगा यांच्यात समतोल कधीच नव्हता.

पण जागा बदलण्याचा नियम वाया जाऊ नये असे मनापासून वाटते, कारण तो आपल्याकडे दुसऱ्या, सरळ मार्गाने आधीच आलेला आहे. शाळा-महाविद्यालयाच्या सभागृहात, मंगल कार्यालयात खुल्या बुद्धिबळ स्पर्धा होतात. फेरी संपली की पंच लॅपटॉपवर निकाल भरतात, पुढच्या फेरीची यादी निघते, भिंतीवर चिकटते, आणि पोरे एकच गर्दी करून आपले नाव आणि बोर्ड नंबर शोधतात. पेअरिंग लागली, असे कुणीतरी ओरडते. आठ-दहा वर्षांचे पोर स्वतःचे बोट यादीवरून फिरवत नेते, आपल्या नावाशी थांबवते, आणि मग आडवे सरकवून समोर कोण आहे ते वाचते. मागच्या फेरीत हरले असेल तर नंबर मोठा झालेला असतो, आणि त्याचा चेहरा उतरतो. हे झुरिकचेच नातवंड आहे.

बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाच्या नियमांत एक अट आहे, आणि या सगळ्या शोधात मला ती सर्वांत मोलाची वाटली. जोड्या लावण्याचे नियम इतके पारदर्शक हवेत की जोड्या लावणाऱ्याला ते समजावून सांगता आले पाहिजेत. यंत्राने केले, हे उत्तर तिथे चालत नाही. यंत्र वापरा, पण का हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. ऑनलाइन पोकरच्या कोणत्याही खेळाडूला तू या टेबलावर का आलास हे सांगणारा माणूस कधी भेटला नाही.

म्हणून सेलू, मानवत, गंगाखेड, सोनपेठ, पालम, कुठेही स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. बुद्धिबळ असो की कॅरम, पहिल्या फेरीआधी पाच मिनिटे काढा आणि मुलांना एकत्र बसवून सांगा की जोड्या कशा लागतात, बोर्ड का बदलतो, बाय कुणाला मिळतो. सोडत असेल तर ती सगळ्यांसमोर काढा, आणि प्रत्येक फेरीची यादी शेवटपर्यंत भिंतीवर राहू द्या. एखादे पोर येऊन, सर, मला या बोर्डावर का बसवले, असे विचारेल. त्याला हाकलू नका, समजावून सांगा.